लॅमिनेट केलेले बारावे गडी

“हात धुतलेस का?”

घरात पाऊल टाकलं की काकांचं पहिलं वाक्य हे. ‘ये, बस’ नाही, ‘चहा टाकू का’ नाही. डावा हात पोटाशी, त्यात पत्त्यांसारखा धरलेला बास्केटबॉलच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा, आणि उजव्या हाताचं बोट सिंककडे. येणारा पुण्याचा असो, मुंबईचा असो, मराठी मंडळाचा अध्यक्ष असो, नाहीतर गळका नळ बघायला आलेला प्लंबर असो. आधी साबण, मग टॉवेल, मग हात उलटेसुलटे करून दाखवायचे, आणि मग कार्डं बघायची. बघायला मागितली कोणी होती, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही.

मी हात धुतले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, आणि नंतर तर मुद्दामच नाही. कारण ती सगळीच्या सगळी कार्डं लॅमिनेट केलेली होती.

“काका, यावर वरण सांडलं तरी फडक्यानं पुसता येईल. हात कशाला धुवायचे?”

“नागपूर, वाद घालू नकोस. हात धू.”

“नाही धुणार.”

“मग लांबून बघ.”

मी लांबून बघितली. कित्येक वर्षं लांबूनच बघितली. मी हट्टी, ते माझ्याहून हट्टी. माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे. मी नागपूर, समोरचा जोशी पुणे, त्याची बायको कोल्हापूर. त्यांना स्वतःला मात्र कोणी मिरज म्हटलेलं खपायचं नाही. “काका म्हण,” म्हणायचे. म्हणून मीही इथे काकाच म्हणते.

तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल. अमेरिकेतल्या कुठल्याही गावात दहा मराठी घरं असली की त्यात एक असतोच. त्याला काहीतरी खूळ असतं, सगळे त्याच्याकडे जेवायला जातात, आणि परतताना गाडीत बसल्या बसल्या त्याची नक्कल करतात. आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये काकांची नक्कल न करणारं एकही घर नव्हतं. बोट सिंककडे करायचं, “हात धुतलेस का?” म्हणायचं, की हशा. मला तेव्हाही राग यायचा. ज्याच्या घरची पुरणपोळी पोटात आहे, त्याच्या बोटाची नक्कल आपल्या घरी पोचेपर्यंत तरी थांबवावी.

खूळ कसं लागलं तेही सांगते. काका शिकायला इथे आले तेव्हा गावात ओळखीचं कुत्रं नव्हतं. एकदा दुकानात च्युइंगगम घ्यायला गेले. पाकिटात गमची एक गुलाबी पट्टी आणि तिच्यासोबत बास्केटबॉलच्या खेळाडूंची चार-पाच कार्डं निघाली. गम पुठ्ठ्यासारखा कडक होता, तो टाकून दिला. कार्डं फुकट आली होती, ती ठेवली. फुकट आलेली वस्तू काकांनी आयुष्यात कधी टाकली नाही.

आता ती जुनी कार्डं एकदा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या बाजूला फोटो. साडेसहा फुटांचा बाप्या, घातलीय मात्र आखूड चड्डी, इतकी आखूड की आमच्या आत्याबाईंनी कार्ड उलटं ठेवलं असतं. पायमोजे गुडघ्यापर्यंत, जाड मिशा, डोक्यावर टोपलीएवढे केस. चेंडू असा धरलेला की मंडईत भोपळा निवडतोय. आणि मागच्या बाजूला? उंची, वजन, जन्मगाव, कॉलेज, छंद.

“हा तर बायोडाटा आहे, काका,” मी लांबूनच म्हटलं होतं. “मुलगा सहा फूट सात, पदवीधर, छंद मासेमारी. पत्रिका तेवढी लिहायची राहिली.”

काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे ते स्वतःच तसं वाचून दाखवायला लागले. “हे बघ नागपूर, स्थळ चांगलंय, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.”

गंमत म्हणजे, मोठ्या खेळाडूंची कार्डं त्यांच्याकडे नव्हतीच. एखादं निघालं की ते कोणातरी पोराला देऊन टाकायचे आणि त्याच्याकडून ज्याला कुत्रं विचारत नाही असं एखादं मागून घ्यायचे. वर्षभर बाकावर बसलेला, शेवटच्या दोन मिनिटांत मैदानात उतरलेला, पुढच्या वर्षी नाव गायब झालेला. असे सगळे काकांच्या खोक्यात. “बारावे गडी,” ते म्हणायचे. “स्टार लोकांना सांभाळायला अख्खी अमेरिका आहे. यांना कोण ठेवणार?”

आणि ठेवायचं म्हणजे लॅमिनेट करायचं. दुसरी पद्धत त्यांना माहीतच नव्हती. मिरजेला त्यांच्या वडिलांची सर्टिफिकिटं वाळवीनं खाल्ली होती. तेव्हापासून मॅट्रिकच्या मार्कशीटपासून जे जे मोलाचं, ते ते प्लास्टिकमध्ये. आपल्यातल्या कुठल्या घरात हे झालेलं नाही? इथल्या सोशल सिक्युरिटी कार्डाबरोबरच्या कागदावर तर स्पष्ट बजावलेलं असतं, लॅमिनेट करू नका. काकांनी कार्ड तर केलंच, वर तो कागदही केला. गराज सेलमधून आणलेलं मशीन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असायचं. कढीला फोडणी बसली की तिच्या वासात गरम प्लास्टिकचा वास मिसळलेला असायचा. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मशीन ओट्यावरून हलवा म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

आम्ही दोघं एकाच चिपच्या कारखान्यात. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात दुहेरी ग्लव्ह्ज. धुळीचा कण पडला तरी माल वाया. काकांनी नोकरीची सगळी वर्षं उघड्या हातानं कशालाही न शिवता काढली. मला सुरुवातीला गाडी येत नव्हती म्हणून मी त्यांच्याबरोबर जायची. नंतर आली, तरी जायची, कारण गाडीत दोघं असली की कमी गर्दीची कारपूल लेन मिळते. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी भांडल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

त्या गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवायला असतो त्या सन व्हायजरला रबरबँड लावून एक कार्ड अडकवलेलं असायचं. इथल्या शाळांमध्ये टीमचा फोटो काढायला फोटोग्राफर येतो, आणि आईबापांनी सांगितलं तर पोरांची अगदी खऱ्यासारखी कार्डं छापून देतो. पुढे फोटो, मागे उंची, वजन, आवडता पदार्थ. हे कार्ड काकांच्या मुलीचं, केतकीचं. हायस्कूलमधलं. पाच फूट एक इंच, हातात चेंडू, चेहऱ्यावर सगळ्या जगावर रुसल्याचा भाव.

सिग्नल लाल झाला की काका व्हायजर खाली घ्यायचे आणि त्या कार्डावर अंगठा फिरवायचे. हिरवा झाला की व्हायजर वर. मागचे हॉर्न वाजवायचे, मी ओरडायची. रोज.

“हे नाही केलंत ते लॅमिनेट?” मी एकदा विचारलं.

“हिला हात लावायचा असतो गं,” काका म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.

त्या कार्डाची कथा त्यांनीच सांगितली होती. केतकी टीममध्ये होती, पण कोचनं तिला अख्खा सीझन बाकावर बसवलं. एक मिनिटसुद्धा उतरवलं नाही. काका मात्र प्रत्येक मॅचला हजर, कारखान्यातून थेट. शेवटच्या मॅचनंतर ती घरी आली आणि स्वतःचं कार्ड किचनमधल्या कचऱ्यात फेकून खोलीत गेली. “तुम्ही का येता बघायला? मी बसलेली बघायला?” असं ओरडून. काकांनी ते कचऱ्यातून काढलं. चहाचा चोथा लागला होता, तो पुसला. डाग राहिला.

“तिला माहितीय, तुमच्याकडे आहे ते?”

“छे! दिसलं तर फाडून टाकेल.”

म्हणून ती यायची असली की काका ते व्हायजरवरून काढून डॅशबोर्डातल्या ग्लव्ह बॉक्समध्ये लपवायचे. ती गेली की परत वर. मला हे इतकं चीड आणणारं वाटायचं! “अहो, सांगा ना तिला सरळ!” मी म्हणायची. “सांगेन, सांगेन,” ते म्हणायचे. माणसाला लॅमिनेशनचं मशीन चालवता येतं, कोट्यवधींच्या मशिन्स चालवता येतात, आणि पोटच्या पोरीला एक वाक्य सांगता येत नाही. याला काय म्हणायचं? मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. अजूनही म्हणेन.

ते गेले गेल्या जूनमध्ये. घरात, सकाळी, चहाचा कप हातात असताना. केतकी सुट्टीला येणारच होती, थोड्याच दिवसांत. ती आली, पण वेगळ्या कामाला आली.

केतकी आता मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं घर आवरायला घेतलं तेही ऑफिसचं काम उरकावं तसं. फर्निचर एकाकडे, भांडी दुसरीकडे. मी डबा घेऊन जायची, ती “थँक यू मावशी” म्हणायची आणि डबा न उघडता फोनवर बोलत बसायची. तिसऱ्या दिवशी गेले तर जुन्या कार्डांचा एक दुकानदार टेबलाशी बसला होता. समोर काकांचा खोका, हातात भिंग.

त्यानं वरचं कार्ड उचललं, वाकवून बघितलं आणि हसायला लागला. “ओ नो. कोणी केलं हे? अरेस्ट करायला पाहिजे त्याला!” दुसरं कार्ड, तिसरं कार्ड, प्रत्येकाला हसू. लॅमिनेट केलं की कार्ड मेलं म्हणे. त्याची किंमत शून्य, कारण आता ते मूळ राहिलं नाही. नाही तर नाही. पण त्यानं पुढे काय करावं? फोन काढला आणि फोटो घेतला. मित्रांना दाखवायला!

आणि हाच माणूस स्वतःची दोन कार्डं मिरवायला घेऊन आला होता. कशात? जाड प्लास्टिकच्या डबीत, चारही बाजूंनी सील केलेली, वर दहापैकी मार्क छापलेले. म्हणजे मार्कशीटच, आणि तीही प्लास्टिकमध्ये! यांनी सील केलं की त्याला ग्रेडिंग म्हणायचं, आमच्या काकांनी केलं की हसायचं. मी त्याच्या पुढ्यातला अर्धा कॉफीचा कप उचलला आणि दार उघडलं.

“गेट आउट.”

“मॅम?”

“आउट. आणि तो फोटो डिलीट कर. माझ्यासमोर कर.”

त्यानं केला. माझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला माहीत नाही, पण त्यानं केला.

दार लावून वळले तर केतकी माझ्यावरच उखडलेली. “मावशी, हे काय होतं? ही वॉज राइट! बाबांनी सगळं खराब केलं!”

“खराब? जपलंय त्यांनी सगळं!”

“यू डोन्ट गेट इट. शाळेत लंचला सगळे कार्ड्स ट्रेड करायचे. माझी कोणी घ्यायचंच नाही. लॅमिनेटेड गर्ल म्हणायचे मला, लॅमिनेटेड गर्ल! मी बाबांना सांगितलं, प्लीज, दोन तरी तशीच ठेवा. त्यांनी तीसुद्धा केली.”

हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांचाही राग आला, आणि जो माणूस आता भांडायला समोर नाही त्याच्यावरचा राग फार वाईट असतो, तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. मी तो केतकीवरच काढला. म्हटलं, बाप गेला तर डोळ्यांतून एक टिपूस नाही, आणि बाराव्या दिवसाआधी दुकानदार बोलावतेस?

मग तिनं खोका स्वतःकडे ओढला.

“मला विकायचं नव्हतं. म्हणजे, कालपर्यंत नव्हतं,” ती म्हणाली. “काल मी हा सगळा बॉक्स बघितला. एकेक कार्ड. ऑल दीज नोबडीज, मावशी. कोणाला माहीत नाहीत असे सगळे बेंचवरचे लोक त्यांनी ठेवलेत. माझं नाहीये.”

“तुझं?”

“माझं टीम कार्ड होतं. मी ट्रॅशमध्ये टाकलं. मला वाटलं, बाबा काढतील. ते रबरबँडसुद्धा ट्रॅशमधून काढायचे. मला नाही काढलं.” मग ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं, आपल्याकडे रडतात तशी.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी विचारलं, “गाडी कुठाय?”

“काय?”

“काकांची गाडी! गराजमध्ये नाहीये. गाडी कुठाय?”

गाडी तिनं आदल्या दिवशी दान केली होती. इथे जुन्या गाड्या घेऊन जाणाऱ्या संस्था असतात, फोन केला की गाडी ओढून न्यायला टो ट्रक येतो. मी तिला व्हायजरचं सांगितलं. लाल सिग्नलचं सांगितलं, चहाच्या चोथ्याचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. गाडी चालवता चालवताच सांगितलं, कारण तोवर मी तिला ओढत बाहेर काढून माझ्या गाडीत बसवलं होतं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पण मी त्या गाडीत बसलेय, मावशी. मला कधी दिसलं नाही.”

त्या संस्थेचं गाड्यांचं यार्ड फिनिक्सच्या पार दुसऱ्या टोकाला. उन्हात शेकड्यांनी गाड्या उभ्या, आणि एका टोकाला पत्र्याचं ऑफिस. आत एसी, एसीत एक तरुण कारकून. तो म्हणाला, गाडीची कागदपत्रं संस्थेच्या नावावर झाली, आता आतलं काही देता येणार नाही, सोमवारी मॅनेजर येईल तेव्हा या. तोपर्यंत गाड्या लिलावाला जातील का? जाऊ शकतात, तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. या देशात नाही म्हणताना इतकं गोड हसतात की कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी वाद घातला नाही. मी ऑफिसचं दार पूर्ण उघडलं आणि ते धरून उंबऱ्यावर उभी राहिले.

“मॅम, दार लावा प्लीज.”

“नाही लावणार.”

जूनमध्ये ॲरिझोनात दार उघडं टाकणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. बाहेरची भट्टी सरळ आत शिरली. टेबलावरचे कागद उडाले. तो पोरगा एसीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. केतकी मागून “मावशी, प्लीज, लेट्स गो,” म्हणत होती. मी मराठीतून सुरू केलं. त्याच्या मॅनेजरपासून त्या दुकानदारापर्यंत, शाळेतल्या कोचपासून न सांगता निघून जाणाऱ्या माणसांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्याला शब्द कळले नसतील. पण घाम कळत होता.

“दोन मिनिटं,” तो किल्ली काढत म्हणाला. “दार लावा.”

काकांची गाडी मागच्या रांगेत होती. दार उघडलं तर आतून वाफ आली. केतकीनं ड्रायव्हरचा व्हायजर खाली ओढला. रबरबँड होता, उन्हानं वाळलेला. कार्ड नव्हतं.

ती माझ्याकडे बघायला लागली, खोटं बोलणाऱ्याकडे बघतात तशी. आणि मग लक्षात आलं. ती येणार होती. सुट्टीला येणार होती ना! काकांनी तयारी करून ठेवली होती.

“ग्लव्ह बॉक्स,” मी म्हटलं.

टिश्यूंच्या खाली, घडी केलेल्या पेपर टॉवेलमध्ये ते होतं. चारही कोपरे झिजून गोल झालेले. एका बाजूला चहाचा तपकिरी डाग, कडेला हळदीचं बोट. आणि जिथे केतकीचा चेहरा असायला हवा होता, तिथे पांढरा गोल. अंगठ्यानं घासून घासून छपाई निघून गेली होती. रुसलेला भावही गेला होता. चेंडू राहिला होता, आणि जर्सीवरचा नंबर.

केतकीनं ते तळहातावर धरलं. त्या पांढऱ्या गोलावर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला. उन्हात उभी राहून ती किती वेळ तेच करत होती, आणि तो कारकून किल्ली हातात धरून उभा होता.

मी हात पुढे केला. “बघू.”

तिनं कार्ड पटकन छातीशी घेतलं.

“मावशी,” ती म्हणाली, “हात धुतले?”

मी तोंड उघडलं. वाद तयार होता, कितीतरी वर्षांचा. मग मी माझ्या गाडीकडे गेले, सीटवर पडलेली पाण्याची बाटली घेतली आणि यार्डातच, डांबरावर वाकून हात धुतले. पाणी चहाइतकं गरम होतं. साबण नव्हता म्हणून दोनदा धुतले. ओढणीला पुसले, आणि तिच्यासमोर उलटेसुलटे करून दाखवले.